दोन बोटींचा हिशेब : दिवाडीची 'थुरिया' आणि फालमथची 'रस्लर'

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. दर्यावर्दी माणसाला विचारले तर तो या यादीत 'बोट पाहावी घेऊन' अशी भर घालील. शिडाची बोट घेणारा दोन बोटी समोर ठेवतो आणि लांबी, रुंदी, वजन, डोलकाठी, किंमत अशी उजळणी करतो. कागदावर एक सरस ठरते, मन मात्र दुसरीवर बसलेले असते. शेवटचा निकाल समुद्र देतो, आणि तो कागदही पाहत नाही आणि मनही पाहत नाही.

या निवडीचे एक खरेखुरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. कमांडर अभिलाष टॉमी एकाच शर्यतीत दोन वेळा उतरले. २०१८ साली त्यांची बोट होती 'थुरिया', आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली, बत्तीस फुटी. २०२२ साली बोट होती 'बयानात', इंग्लंडमधल्या 'रस्लर ३६' या जातीची. माणूस तोच, समुद्र तोच, नियम जवळजवळ तेच. पहिल्या खेपेला मोडलेला पाठीचा कणा घेऊन परत यावे लागले, दुसऱ्या खेपेला दुसरा क्रमांक मिळाला. यावरून पुष्कळ जण झटकन निष्कर्ष काढतात : गोव्याची बोट कच्ची होती, विलायती पक्की निघाली. मला हा हिशेब पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, थेट मुंबईच्या गोदीपर्यंत.

या शर्यतीचे नाव 'गोल्डन ग्लोब'. १९६८ साली लंडनच्या 'संडे टाइम्स' वृत्तपत्राने ती पहिल्यांदा जाहीर केली. एकट्याने, कुठल्याही बंदरात न थांबता, शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. नऊ जण निघाले आणि एकच परतला. त्याचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून तो निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परत आला. मधले ३१२ दिवस त्याने जमिनीला पाय लावला नव्हता. ज्या बोटीतून त्याने हे केले ती 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती.

नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. मुंबईला येणेजाणे होते. सहकाऱ्यांबरोबर त्याने ठरवले की एक बोट बांधायची आणि तिच्यातून घरी जायचे. इंग्लंडहून आराखडे मागवले, तर हवे होते ते न येता भलतेच आले. आले ते 'एरिक' नावाच्या जुन्या बोटीचे. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाने १९२०च्या दशकात ते काढले होते. त्याने तरी ते कुठून घेतले? नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने उत्तर समुद्रात बुडणाऱ्या कोळ्यांना वाचवण्यासाठी ज्या बचावनौका आखल्या होत्या, त्यांचीच ही लहान आवृत्ती. पुढे आणि मागे दोन्हीकडे निमुळती, पोट रुंद, तळाचा कणा सलग लांब, वजन भरपूर. त्या काळच्या शौकीन मंडळींच्या नजरेतून ही जुनाट वळणाची बोट. पण परत पाठवून दुसरे आराखडे मागवायला वेळ नव्हता.

मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि दोरीचा सामता घेऊन सागवानात ती उभी केली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याचे अरबी नाव तिला दिले, 'सुहैली'. १९६५ साली ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून १९६७ साली इंग्लंडला पोचली.

पुढची गोष्ट बोट घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रदक्षिणेचा विचार पक्का झाल्यावर खुद्द नॉक्स-जॉन्स्टनलाही सुहैली नको होती. त्याला पन्नास फुटांहून लांब, पोलादी आणि वेगवान बोट हवी होती. तिचा आराखडाही त्याने कॉलिन म्यूडी या आरेखकाकडून करवून घेतला. सुहैली विकायला काढली. पण नव्या बोटीसाठी कुणी पैसा देईना. मग जी हाताशी होती तीच घेऊन तो निघाला. म्हणजे जगातल्या या सर्वांत नावाजलेल्या बोटीची 'निवड' अशी झालीच नव्हती. आराखडे चुकून आले होते आणि बोट नाइलाजाने उरली होती.

त्याच शर्यतीत बर्नार मुआतेसिए या फ्रेंच खलाशाची 'जोशुआ' होती. एकोणचाळीस फुटी, पोलादी. वेगाचा हिशेब केला तर जोशुआ निःसंशय सरस. पण मुआतेसिएने शर्यत सोडून दिली आणि तो परत न येता ताहितीच्या दिशेने निघून गेला. सुहैली मात्र गळत होती. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून तिच्या फळ्यांचे सांधे कापूस भरून बंद केले. दक्षिणेच्या लाटांनी तिची केबिन हलवली, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले, रेडिओ बंद पडला. तरी ती परत आली. हळू चालणारी, पण मोडले तर हातोडी-छिन्नीने दुरुस्त करता येणारी. हा गुण कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो.

आता दिवाडीकडे येऊ. जुन्या गोव्याहून फेरीने मांडवी ओलांडली की दिवाडी. तिथे रत्नाकर दांडेकर यांचे अ‍ॅक्वेरियस शिपयार्ड आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर एक कल्पना घेऊन बसले होते : भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. त्यासाठी डच आराखड्यावरून छप्पन्न फुटी 'म्हादई' दिवाडीला बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. आपल्या जीवनदायिनी नदीचे नाव तिला मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून निघाले आणि चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तयारीच्या काळात दोंदे काही दिवस नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली राबून आले होते, हा धागा इथेच जुळतो. नंतर अभिलाष टॉमी म्हादईतूनच १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले.

पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली 'गोल्डन ग्लोब' पुन्हा भरवायचे ठरले, तेव्हा टॉमींचे नाव पुढे येणे साहजिक होते. पण म्हादई नेता येणार नव्हती. नियमच तसे होते. बोट बत्तीस ते छत्तीस फुटांची हवी, तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, तळाचा कणा लांब हवा आणि सुकाणू त्या कण्यालाच जोडलेले हवे. जीपीएस नाही. सेक्स्टंटने सूर्य-तारे पाहायचे, कागदी नकाशावर खुणा करायच्या. म्हणजे १९६८ साल जसेच्या तसे.

या नियमांत बसणारे दोन रस्ते होते. एक, काचतंतूच्या जुन्या, कारखान्यात अनेक प्रती निघालेल्या बोटींपैकी एखादी घेऊन दुरुस्त करायची. दुसरा, सुहैलीच्या आराखड्यावरून नवी लाकडी बोट बांधायची. टॉमींनी दुसरा रस्ता धरला. मूळ बोट मुंबईच्या सुतारांची, नवी गोव्याच्या कारागिरांची. म्हादई बांधणारे हात ओळखीचे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये 'थुरिया' पाण्यात उतरली. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांच्या पलीकडच्या चौथ्या अवस्थेला आपल्याकडे तुरीया म्हणतात, तेच हे नाव. शर्यतीत सुहैलीची प्रतिकृती असलेली ही एकच बोट होती.

पहिल्या रस्त्यावरची सर्वांत पसंतीची बोट म्हणजे 'रस्लर ३६'. होल्मन आणि पाय या इंग्रज जोडीने १९८०च्या सुमारास तिचा आराखडा केला आणि ती कॉर्नवॉलमध्ये, फालमथला बांधली जाते. म्हणजे जिथून सुहैली निघाली आणि जिथे परतली त्याच गावी. २०१८ च्या शर्यतीत १८ बोटी होत्या आणि त्यांतल्या सहा रस्लर.

दोघींना शेजारी ठेवून पाहू. लांबीत सुहैलीचा आराखडा बत्तीस फुटांचा आणि रस्लर पस्तीस फुटांहून थोडी जास्त. पण नुसती लांबी फसवी असते. बोटीचा वेग ठरतो तो पाण्याला टेकलेल्या लांबीवरून, आणि ती दोघींची सारखीच, सत्तावीस-अठ्ठावीस फूट. सुहैलीची नाळ आणि पाठ जवळजवळ उभी असल्याने तिची बहुतेक लांबी पाण्यात असते. रस्लरची टोके पाण्यावर झुकलेली. रुंदी दोघींची अकरा फुटांच्या आसपास. पाण्यात दोघीही साडेपाच फूट उतरतात.

मग फरक कशात? एक, वजनात. रस्लर साडेसात टनांच्या थोडी वर. सुहैलीचे घराणे त्याहून बरेच जड. वारा जोराचा असेल तर हे वजन फारसे आड येत नाही, पण वारा पडला की जड बोट रुसलेल्या बैलासारखी उभी राहते. दुसरे, शिडात. सुहैलीला दोन डोलकाठ्या. शिडे लहान लहान होतात, एकट्या माणसाला आवरायला सोपी जातात आणि एक काठी गेली तरी दुसरी राहील अशी आशा असते. रस्लरला एकच उंच काठी. वाऱ्याच्या तोंडावर जाताना ती जास्त सरळ रेषेत चढते. तिसरे, बुडाच्या वजनात, ज्याला कोकणातले जुने खलाशी नीरम म्हणतात. रस्लरच्या एकूण वजनापैकी जवळजवळ ४५ टक्के तळाशी असते. त्यामुळे ती आडवी पडली तरी चटकन उठते. चौथे, दुरुस्तीत. लाकडाची बोट लाकडाने सांधता येते. काचतंतूची बोट गळत नाही, पण तिच्यात काही मोडले तर समुद्रावर सुतारकाम करून भागत नाही.

निव्वळ शर्यतीच्या दृष्टीने पाहिले तर पारडे रस्लरकडे झुकते, हे मान्य करायला हवे. आपल्या गावची म्हणून थुरिया वेगवान ठरत नाही. पण वेगवान नसणे आणि कच्ची असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि माझा मुद्दा तिथेच आहे.

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या ले साब्ल दोलोन बंदरातून शर्यत सुटली. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेला पोचेपर्यंत टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. ज्या बोटीला मंद म्हणावे तिला त्यांनी अठरांतून तिसरी आणली होती. २१ सप्टेंबरला वादळाने गाठले. ताशी सव्वाशे किलोमीटरहून जोराचा वारा आणि चौदा मीटर उंचीच्या लाटा. थुरिया उलटली, दोन्ही डोलकाठ्या गेल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उठून बसणे अशक्य. उपग्रहावरून जाणारे छोटे संदेश टंकत ते बिछान्याला खिळून राहिले. पर्थपासून ते जवळजवळ १९०० सागरी मैल दूर होते. आपल्या नौदलाच्या विमानाने त्यांना हुडकले आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्तीनौकेने त्यांना उचलून अ‍ॅमस्टरडॅम बेटावर नेले. तिथून 'सातपुडा' युद्धनौकेने मायदेशी आणले. थुरिया मागे समुद्रातच सोडावी लागली.

त्या दिवसांत इथे मला दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला : आपल्याकडची बोट होती म्हणून मोडली का? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात कुत्सितपणा नव्हता, वाईट वाटले होते. पण उत्तर भावनेने देण्यापेक्षा त्या शर्यतीच्या नोंदींतून द्यावे.

त्याच वादळात ग्रेगर मॅकगुकिन या आयरिश खलाशाच्या 'बिस्के ३६' बोटीच्याही डोलकाठ्या गेल्या. मार्क स्लॅट्सची रस्लर त्याच वादळात दोनदा आडवी झाली, पण तिची काठी टिकली. इथवर रस्लरच्या बाजूने. पुढे ५ डिसेंबरला पॅसिफिकच्या दक्षिणेला सूझी गुडॉल या इंग्रज मुलीची बोट टोकावर उलटी झाली आणि तिची डोलकाठी मोडली. ती बोट रस्लर ३६ होती. त्या शर्यतीत एकूण पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या आणि त्या पाचही वेगवेगळ्या आराखड्यांच्या होत्या. नॉर्वेजियन खलाशाची, फ्रेंचाची, आयरिशाची, इंग्रजाची आणि आपली. चौदा मीटरची लाट बोटीचे गाव विचारत नाही. ती आडवी गाठली की कुठल्याही काठीचे काही खरे नसते.

उलट एक गोष्ट थुरियाच्या बाजूची आहे, जिचा उल्लेख क्वचित होतो. उलटून, काठ्या मोडून, आत एक जायबंदी माणूस घेऊन ती तीन दिवस तरंगत राहिली. बचावनौकेचे लोक चढले तेव्हा बोट पाण्यावर होती आणि माणूस जिवंत होता. कॉलिन आर्चरने हा आराखडा मुळात माणसे वाचवण्यासाठीच तर काढला होता. दिवाडीच्या कारागिरांनी बांधलेले अंग फुटले नाही. बोटीची परीक्षा यापेक्षा कठीण कुठली घ्यायची?

शर्यत अखेर पाच जणांनी पूर्ण केली. पहिले तिन्ही, व्हॅन डेन हीड, स्लॅट्स आणि रँडमा, रस्लरवाले. व्हॅन डेन हीड या त्र्याहत्तर वर्षांच्या फ्रेंच गृहस्थाने निघण्यापूर्वीच आपल्या रस्लरची डोलकाठी मुद्दाम आखूड करून घेतली होती. तीही बोट पॅसिफिकमध्ये उलटली आणि काठीचे जोड उखडले, पण म्हाताऱ्याने वर चढून ते बांधले आणि २११ दिवसांत शर्यत जिंकली. दुसरीकडे सहापैकी तीन रस्लर घरी पोचल्याच नाहीत, हेही लक्षात ठेवावे. बोटीची जात एकच, पण मालकाने तिला कसे तयार केले यावर निम्मा निकाल ठरला.

टॉमींच्या पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या गेल्या. पुन्हा चालायला शिकावे लागले. २०२१ साली ते नौदलातून निवृत्त झाले आणि पुढच्या शर्यतीसाठी नाव नोंदवले. या वेळी बोट बांधण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता, आणि पाच वर्षांपूर्वी नसलेली एक गोष्ट आता हाती होती : पहिल्या शर्यतीचा निकाल. २०१७ साली निवड करताना कुणालाच ठाऊक नव्हते की कुठली बोट काय करील. आता ठाऊक होते. त्यांनी रस्लर ३६ घेतली. संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीने पाठबळ दिले आणि तिच्याच नावाने बोट 'बयानात' झाली. काहींना हे खटकले. मला तो शहाणपणा वाटतो. थुरिया प्रेमाने निवडली होती, बयानात अनुभवाने. अनुभव यायला आधी कुणीतरी प्रेमाने निवडावेच लागते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी सोळा जण निघाले. वाटेत बयानातचे वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडत राहिले आणि टॉमी बोटीतलेच लाकूड कापून त्याचे भाग बनवत राहिले. म्हणजे कारखान्यातली बोट घेतली तरी सुतारकाम चुकले नाही! २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, ते दुसरे आले. कुठेही न थांबता शर्यत पुरी करणारे सोळांत तिघेच होते.

आणि पहिली आली कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची. एकट्याने जगप्रदक्षिणेची अशी शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. तिची बोट कुठली? रस्लर नव्हे. तिने 'केप जॉर्ज ३६' निवडली होती. छत्तीस फूट लांबीपैकी साडेएकतीस फूट पाण्याला टेकलेली, रस्लरपेक्षा कितीतरी जड आणि शिडे मोठी. या बोटीचे घराणे शोधत गेलो तर मूळ आराखडा कुणाचा निघावा? विल्यम अ‍ॅटकिनचा. ज्याने 'एरिक' आखली, जिच्यावरून मुंबईत सुहैली आणि दिवाडीला थुरिया झाली, त्याच अ‍ॅटकिनचा! २०१८ नंतर सगळे म्हणत होते की जुन्या वळणाची जड बोट आता चालायची नाही, आणि २०२३ साली त्याच घराण्यातली चुलत बहीण सर्वांच्या पुढे गेली.

म्हणून, बोट घेणाऱ्याने दोन बोटी जरूर तुलाव्यात. पाण्याला टेकलेली लांबी, वजन, नीरम, काठी, सगळे मोजावे. पण एकाच्या अपघातावरून बोटीला नापास करू नये आणि दुसऱ्याच्या यशावरून तिला डोक्यावर घेऊ नये. थुरिया ही कमी वेगाची, पण सच्ची बोट होती. तिने आपला माणूस परत दिला.

दिवाडीच्या त्याच धक्क्यावर बांधलेली 'तारिणी' २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला वळसा घालून आली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी ती दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन पुन्हा गोव्याहून निघाली आणि २९ मे २०२५ रोजी मुरगावला परतली. मांडवीच्या काठावरच्या कारागिरांचा हिशेब मांडायचाच असेल तर एका वादळावरून न मांडता या सगळ्या फेऱ्या मिळून मांडावा.